कोनफ्लॉवर दुसऱ्या वर्षी का जातो, आणि तो टिकवायचा कसा

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो म्हणजे उत्तर वाचणाऱ्यांचा गोंधळ नको. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून केशरी आणि डबल पाकळ्यांचे कोनफ्लॉवर (म्हणजे इचिनेशिया, फुलाच्या मधोमध शंकूसारखा काटेरी 'कोन' असतो ते) आणून लावलेत, पहिल्या उन्हाळ्यात फुलांनी लगडले, हिवाळा संपल्यावर बघितलं तर जागेवर काळी पडलेली काडी. मग साध्या जांभळ्याचं बी पेरलंत, रोपं आली पण वर्षभर नुसती पानंच. आणि जे एक जुनं झाड नीट चाललं होतं त्याला यंदा हिरवी, वेडीवाकडी फुलं आलीयेत, तर त्यावर काय फवारू. जमीन चिकणमातीची, त्यात भरपूर कंपोस्ट मिसळलेलं, वर झाडाच्या सालीचं जाड आच्छादन आणि ठिबक रोज चालू.

हिरव्या फुलांचं आधी घेतो कारण त्यात उशीर करून चालत नाही, बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

हिरवी फुलं दोन कारणांनी येतात आणि दोन्हींत फरक ओळखायला शिका, कारण एकात झाड उपटावं लागतं आणि दुसऱ्यात नुसती फुलं खुडली की काम भागतं. पहिलं कारण म्हणजे ॲस्टर यलोज. हा फायटोप्लाझ्मा नावाच्या, पेशीभित्तिका नसलेल्या एका जिवाणूमुळे होणारा रोग आहे आणि तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. यात पाकळ्या हिरव्या होतात, आखूड राहतात, मधल्या कोनातून पानांचे झुपके किंवा छोट्या छोट्या फुलांच्या काड्या वर येतात, पानं पिवळट पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, कधी बुडातून बारीक फुटव्यांचा झाडूसारखा गुच्छ निघतो. थोडक्यात सगळं झाडच बिघडलेलं दिसतं. दुसरं कारण म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक कोळी, एरिओफिड माइट, जो कळीच्या आत बसून रस शोषतो. यात बाकीचं झाड एकदम ठणठणीत असतं, पानं हिरवीगार, उंची नेहमीची, फक्त कोनावर काही ठिकाणी, विशेषतः पाकळ्यांच्या बुडाशी, खरखरीत हिरवट लाल असे झुपके येतात आणि पाकळ्या चुरगळलेल्या राहतात. माइट असेल तर तेवढी फुलं देठासकट कापून कचऱ्यात टाका, शरद ऋतूत वाळलेल्या काड्या त्या झाडाच्या तरी जागेवर ठेवू नका, पुढच्या वर्षी बहुतेक वेळा फरक दिसतो.

ॲस्टर यलोज असेल तर मात्र उपाय नाही. औषध नाही, फवारणी नाही, छाटून टाकलं तरी उपयोग नाही कारण तो झाडाच्या रसवाहिन्यांमधून सगळीकडे पोचलेला असतो, मुळांच्या वरच्या गड्ड्यात पण, म्हणून पुढच्या वर्षी परत तसंच येतं. झाड मुळासकट काढा. ज्यांना उपटायला जीव होत नाही त्यांचं मी समजू शकतो पण ते झाड ठेवलंत की शेजारची झिनिया, झेंडू, कॉसमॉस, भाजीच्या वाफ्यातलं गाजर, लेट्यूस सगळ्यांना धोका, या रोगाच्या यजमान वनस्पती तीनशेच्या वर आहेत. दिलासा एवढाच की तो बियांतून जात नाही, कात्रीतून जात नाही, आणि झाड वाळलं की त्यातला जंतूही मरतो, त्यामुळे जमीन 'खराब' झाली वगैरे भीती नको, त्याच जागी परत कोनफ्लॉवर लावता येतो. तुडतुडे मारायला कीटकनाशक मारू नका, ते उडून येतात, उत्तर अमेरिकेच्या मध्य भागात तर दर वसंतात दक्षिणेकडच्या वाऱ्यांवर लांबून येतात, तुम्ही किती मारणार, आणि मधे मधमाश्या मरतील ते वेगळंच.

एक गंमत म्हणजे मुद्दाम हिरव्या फुलांच्या जाती पण विकायला असतात, 'ग्रीन ज्वेल' त्यातली एक. तिची फुलं सगळी एकसारखी आणि नीटनेटकी असतात, म्हणून नर्सरीतलं लेबल आठवून बघा आणि मगच खुरपं उचला.

आता केशरी आणि डबलवाले का गेले. इथे थोडं मागे जावं लागेल कारण 'कोनफ्लॉवर' म्हणून आपण जे घेतो ते एकच झाड नाही. इचिनेशिया या वंशात साधारण नऊ प्रजाती आहेत, सगळ्याच्या सगळ्या उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातल्या. बागेत सगळ्यात जास्त दिसणारी ती इचिनेशिया पर्प्युरिया, रुंद खरखरीत पानांची, जांभळट गुलाबी पाकळ्या आणि मधे नारिंगी टोकांचा काटेरी कोन. दुसरी पॅलिडा, अरुंद फिक्या गुलाबी पाकळ्या खाली लोंबणाऱ्या. तिसरी अँगस्टिफोलिया, पश्चिमेकडच्या कोरड्या गवताळ मैदानांतली बुटकी, केसाळ. चौथी पॅराडॉक्सा, ओझार्क टेकड्यांतली, मिसुरी आणि आर्कान्सा भागातली, आणि हिची फुलं चक्क पिवळी. आणखी एक टेनेसीएन्सिस, तिच्याबद्दल खाली येतो.

तर केशरी, आंबा, टोमॅटो, बाजारात ज्या काही रंगांच्या आकर्षक जाती मिळतात त्यांच्या मागे बहुतेक करून पर्प्युरिया आणि पिवळी पॅराडॉक्सा यांचा संकर असतो. शिकागो बोटॅनिक गार्डनने केशरी 'ऑरेंज मेडोब्राइट' काढली ती याच संकरातून, आणि २००० नंतरच्या दशकात रंगांचा जो पूर आला तो त्याच वाटेने. आता पॅराडॉक्सा ही पातळ, खडकाळ, पाणी पटकन निघून जाणाऱ्या जमिनीतली, एक खोल सोटमूळ असलेली. पर्प्युरियाची मुळं तंतुमय, वर आखूड गड्डा, आणि ती निसर्गात उघड्या माळाबरोबर विरळ झाडीच्या कडेलाही वाढते, म्हणजे थोडी जास्त ओल तिला चालते. या दोघींची मिसळ करून झालेलं झाड तुमच्या चिकणमातीत, सालीच्या जाड थराखाली, रोज ठिबक, आणि वर हिवाळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलेलं. थंडीने तुमचं झाड मेलं असं मला वाटत नाही. कोरड्या जमिनीत हीच झाडं कडाक्याच्या थंडीत नीट निघतात, पर्प्युरिया तर उणे तीस-पस्तीस डिग्रीपर्यंत सहन करते. ओल्या थंडीत गड्डा कुजतो. वसंतात त्या जागेवरची काडी ओढून बघितली असती तर अलगद हातात आली असती आणि खालचा भाग काळा, मऊ, वास येणारा निघाला असता.

दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. नर्सरीत ही रोपं टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत एकाच झाडाच्या तुकड्यांपासून, केलेली असतात, कुंडीत खत पाणी देऊन फुलावर आणून विकायला ठेवलेली, कारण फूल नसेल तर कोण घेणार. असं रोप घरी आलं की आधीच दमलेलं असतं, बुडाशी एकच गड्डा, त्यावर एक दोन फुलांचे दांडे, आणि बाजूचे नवे डोळे जवळजवळ शून्य. बहुवर्षायू झाड हिवाळ्यानंतर परत येतं ते या बुडातल्या डोळ्यांतून. सगळी ताकद फुलात गेली तर डोळे तयार होत नाहीत आणि मग हिवाळा कितीही सौम्य असो, उगवायला काही उरलेलंच नसतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण नाक मुरडतो, की संकरित कोनफ्लॉवर आणलात की पहिल्या वर्षी फुलं कापा. आलेलं फूल घरात फुलदाणीत ठेवा, वाईट वाटून घेऊ नका, पण पुढचे दांडे कळीतच काढत राहा, निदान उन्हाळा संपेपर्यंत. झाडाला बुडाशी पानांचा दाट गुच्छ धरू दे. दुसऱ्या वर्षी तेच झाड दुप्पट रुंद होऊन येतं. साध्या पर्प्युरियाच्या बियांपासूनच्या रोपांना एवढं करायची गरज नसते.

घेताना पण फूल बघून घेऊ नका. कुंडी हातात घेऊन माती थोडी बाजूला करा आणि बुडाशी किती फुटवे आहेत ते मोजा, तीन चार असतील तर घ्या मग त्याला फूल नसलं तरी चालेल.

आता तुमच्या बियांच्या रोपांकडे. वर्षभर नुसती पानं, आणि तुम्ही विचारताय की खत कमी पडलं का. अजिबात नाही, ते एकदम व्यवस्थित चाललंय. गवताळ माळरानातलं हे झाड आहे हे डोक्यात ठेवलं की सगळं उलगडतं. तिथे प्रत्येक इंचावर गवताची मुळं, वरून वणवा, चरणारी जनावरं, ऑगस्टमधे पाऊस गायब, तर जो आधी खाली जातो तो टिकतो. नेब्रास्का विद्यापीठात जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ माळावर, खोल चर खणून एकेका वनस्पतीची मुळं मोकळी करून त्यांची चित्रं काढली, त्यात अँगस्टिफोलियाचं सोटमूळ दीड दोन मीटरच्या खाली गेलेलं दिसतं, आणि वर झाड किती तर जेमतेम गुडघ्याएवढं. पर्प्युरिया एवढी खोल जात नाही पण सवय तीच, पहिलं वर्ष पानांचा चक्राकार गुच्छ, दुसऱ्या वर्षी फूल. पॅलिडा आणि अँगस्टिफोलिया तर तिसऱ्या चौथ्या वर्षापर्यंत वाट बघायला लावतात. पहिल्याच वर्षी फूल हवं तर तशा निवडलेल्या बियांच्या जाती आहेत, 'शायेन स्पिरिट' ही त्यातली प्रसिद्ध, २०१३ ची ऑल अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जातींच्या चाचणी-स्पर्धेची विजेती, लवकर पेरली की त्याच उन्हाळ्यात मिश्र रंगांत फुलते. पण त्यासाठी घरात दिव्याखाली हिवाळ्यातच पेरायला लागतं.

आणखी बी पेरणार असाल तर थंडीचं लक्षात ठेवा. पर्प्युरियाचं बी तसं सोशिक आहे, बऱ्याचदा काही न करताही उगवतं, पण ओलसर थंडीत चार आठवडे ठेवलं तर एकसारखं उगवतं. ओल्या वाळूत किंवा दमट टिश्यू पेपरात गुंडाळून झिपच्या पिशवीत फ्रिजमधे, चार पाच डिग्रीला, फ्रीजरमधे नाही. ओल म्हणजे पिळल्यावर पाणी न टपकण्याइतकी, नाहीतर बुरशी. पॅलिडा आणि अँगस्टिफोलियाला दोन तीन महिने द्या, त्या हट्टी आहेत, इतक्या की शेतीसाठी लावणारे लोक अँगस्टिफोलियाची सुप्तावस्था मोडायला इथेफॉन नावाचं रसायन वापरतात, घरी त्याची गरज नाही. नंतर ट्रेमधे अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल घालू नका, उजेड मिळालेला चांगला, वीस बावीस डिग्रीला दहा ते वीस दिवसांत उगवतं. सगळ्यात आळशी आणि माझ्या मते सगळ्यात उत्तम पद्धत म्हणजे शरदाच्या शेवटी बी सरळ वाफ्यात किंवा भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात पेरून बाहेर बर्फात सोडून देणं, हिवाळा आपलं काम करतो. पॅलिडाची पहिली पानं इतकी अरुंद असतात की लोक गवत समजून उपटतात, तेव्हा ओळीने पेरा आणि ओळीला खूण करा.

बी कुठून आणायचं हा प्रश्न पण महत्त्वाचा. तुमच्याकडे एकाच संकरित जातीचे तीन झुपके असतील तरी ते टिश्यू कल्चरचे असल्याने आतून एकच झाड असतात, आणि कोनफ्लॉवर स्वतःच्या परागाने बी धरत नाही. कोनावरून वाळलेलं बी निघतं, टपोरं दिसतं, पण बोटांत दाबलं की चपटं होतं म्हणजे आत काही नाही. वेगळ्या रक्ताचं झाड जवळ पाहिजे. फुलाकडे बारकाईने बघितलं तर हे तुम्हाला उन्हाळ्यातच कळेल. कोनावरची बारीक फुलं कडेकडून आतल्या बाजूला एकेक वर्तुळ करत उमलतात, आधी पराग बाहेर पडतो आणि मग दोन टोकांची परागवाहिनी वर येते, तिला योग्य पराग मिळाला की ती लवकर सुकून आत जाते, नाही मिळाला तर दिवसेंदिवस तशीच उभी राहते. म्हणजे कोनावर एकाच वेळी चार पाच वर्तुळं परागवाहिन्या ताठ उभ्या दिसल्या तर समजायचं की जोडीदार मिळत नाहीये. मिनेसोटात तुकड्या तुकड्यांत उरलेल्या प्रेअरीवर अँगस्टिफोलियाचा कित्येक वर्षं अभ्यास चाललाय, तिथे हीच खूण वापरतात. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते, २१ वर्षांच्या नोंदींवरून २०२० साली त्यांनी दाखवलं की माळ मुद्दाम नियंत्रित पद्धतीने जाळला की त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जास्त झाडं फुलतात आणि एकाच वेळी फुलतात, त्यामुळे जोडीदार मिळतात आणि बी जास्त धरतं. वणवा झाडांना एका तारखेवर आणतो म्हणा ना. (बागेत जाळपोळ करू नका, हे लिहायला लागतं.)

बरं, जमीन. चिकणमाती ही पर्प्युरियाला शाप नाही, पाणी साचणं हा शाप आहे. साधी चाचणी करा, फूटभर खोल खड्डा, पाण्याने भरा, जिरू दे, परत भरा आणि तासाला किती उतरतंय बघा. दोन तीन सेंटीमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर तिथे काहीही मिसळण्यापेक्षा वाफाच वीस एक सेंटीमीटर उंच करा. चिकणमातीत थोडी वाळू घालू नका, ती अजून घट्ट होते. खड्डा करून त्यात नुसतं कंपोस्ट भरून लावायची पद्धत तर सोडूनच द्या, आजूबाजूची घट्ट माती पाणी धरते आणि तो खड्डा घागर भरावी तसा भरून राहतो, मूळ त्यातच बसतं. जी माती निघाली तीच मोकळी करून परत भरा, गड्डा जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर, खाली कधीच नाही.

कंपोस्ट तुम्ही भरपूर घातलंय म्हणता म्हणून दांडे लवलवीत होऊन आडवे होत असतील, मग आधाराच्या काठ्या, मग दोरी, मग पानांवर भुरी. माळावरच्या झाडाला इतकं खाऊ घालू नये. जमीन अगदीच निकृष्ट असेल तर वसंतात वरून बोटभर कंपोस्ट पुरे, दाणेदार खत नको. सालीचं आच्छादन गड्ड्यापासून हातभर दूर ठेवा, गड्ड्याभोवती बारीक खडी दोन तीन सेंटीमीटर घातली तर फार फरक पडतो, हिवाळ्यात तिथलं पाणी लगेच निघून जातं. रोजचं ठिबक बंद करा. लावल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, मधे मातीचा वरचा थर वाळू दे, दुसऱ्या वर्षापासून फक्त लांब उघडीप पडली आणि पानं दुपारनंतरही सावरली नाहीत तर. ऊन किमान सहा तास. अर्ध्या सावलीत झाड जगतं पण उजेडाकडे झुकत जातं. दोन झाडांत दीड दोन फूट अंतर ठेवा आणि मधली जागा मोकळी ठेवू नका, लिटल ब्लूस्टेम किंवा प्रेअरी ड्रॉपसीड असलं झुपकेदार गवत लावा, सोबत लायट्रिस, बटरफ्लाय वीड असली माळावरची फुलझाडं. एकट्या कोनफ्लॉवरला मोकळ्या सुपीक वाफ्यात ठेवलं की तो आडवा पसरतो, गवताच्या दाटीत तो ताठ उभा राहतो आणि तुम्हाला काठ्या लावायला लागत नाहीत.

लावायची वेळ, वसंत ऋतू. शरदात लावायचंच असेल तर जमीन गोठायच्या आधी सहा आठवडे तरी, नाहीतर गोठणं वितळणं चालू झालं की छोटं रोप मातीतून वर ढकललं जातं आणि मुळं उघडी पडतात, हेही दुसऱ्या वर्षी 'गायब' व्हायचं एक कारण आहे आणि लोक ते थंडीच्या नावावर खपवतात. आणि सशांना विसरू नका. वसंतात जे कोवळे फुटवे येतात ते ससे जमिनीलगत कुरतडतात, मालकाला वाटतं झाड आलंच नाही. काडी तिरकी, स्वच्छ कापलेली दिसली तर ससा. पहिली दोन वर्षं तारेच्या जाळीचं छोटं कडं लावून ठेवा.

किड्यांबद्दल फार लिहीत नाही. फुलाच्या खाली दोन तीन सेंटीमीटरवर दांड्याला गोलाकार टोचे दिसले आणि फूल एका धाग्यावर लटकत असेल तर तो मुंडकी कापणारा भुंगेरा, मादी त्या लटकलेल्या फुलात अंडी घालते, ती फुलं आणि खाली पडलेली पण गोळा करून नष्ट करा, अळ्या जमिनीत गेल्या की पुढच्या वर्षी परत हजर. जपानी भुंगेरे सकाळी थंडीत साबणाच्या पाण्यात झटका. आणि फुलावर पाकळीचा वाळका तुकडा स्वतःहून चालताना दिसला तर दचकू नका, ती एका हिरव्या पतंगाची अळी असते, पाकळ्यांचे तुकडे तोडून अंगावर चिकटवून फिरते, तिला राहू द्या, ती खाऊन खाऊन किती खाणार.

परत लावताना कोणती जात घ्यायची हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. सगळ्यात भरवशाची म्हणजे बियांपासूनची साधी पर्प्युरिया, आणि त्यातल्याच जुन्या निवडी. 'मॅग्नस', स्वीडनमधे निवडलेली, पाकळ्या आडव्या पसरलेल्या, १९९८ ची 'पेरेनिअल प्लांट ऑफ द इयर' (वर्षातलं उत्तम बहुवर्षायू झाड), अजूनही तिच्यात काही वाईट सांगण्यासारखं नाही. पांढऱ्यात 'व्हाइट स्वान'. डेलावेअरमधल्या माउंट क्युबा सेंटरने २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं कोनफ्लॉवरच्या जाती शेजारी शेजारी लावून बघितल्या, त्यात 'पिका बेला' वरच्या नंबरात आली, आणि कीटक एकेरी फुलांवर जास्त येतात, डबलवर कमी, हेही दिसलं. त्याचं कारण सरळ आहे, डबलमधे कोनावरच्या ज्या बारीक फुलांत पराग आणि मध असतो त्यांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. डबल मला दिसायलाही पोमपोमच वाटतात पण ती माझी आवड झाली, तुम्हाला आवडत असतील तर उंच वाफ्यात एखादं लावा, फक्त त्याच्यावर बाग उभी करू नका.

आणि निचरा खरंच उत्तम असेल, खडकाळ उताराची जागा असेल तर टेनेसीएन्सिस बघा. नॅशव्हिलच्या आसपासच्या पातळ मातीच्या चुनखडी माळांवरची ही प्रजाती, नामशेष झाली असं समजत होते, १९६० च्या दशकात परत सापडली, १९७९ ला अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेली आणि जागा राखून, बी पेरून, नवे समूह उभे करून २०११ ला यादीतून बाहेर आली. पाकळ्या किंचित वर वळलेल्या, झाड छोटं. तुमच्या आत्ताच्या वाफ्यात ती एक हिवाळा काढणार नाही.

फुलून झाल्यावर वाळलेल्या फुलांतली अर्धी कापा, नवी येत राहतील, अर्धी ठेवा, गोल्डफिंच हे छोटे पक्षी बी खायला येतात आणि थोडं सांडून मोकळे होतात. त्या सांडलेल्या बियांची रोपं संकरित झाडाखाली आली तर आईसारखी निघतीलच असं नाही, बऱ्याचदा जांभळट गुलाबीच निघतात, आणि लोकांना वाटतं केशरीचा रंग 'उतरला', प्रत्यक्षात केशरी गेलेला असतो आणि त्याच्या जागी पोरं आलेली असतात. वाळक्या काड्या वसंतात कापताना फूट सव्वा फूट उंचीचे खुंट सोडा, काही रानमाश्या पोकळ आणि भेंडाच्या काड्यांत घर करतात. पर्प्युरियाचा झुपका चार पाच वर्षांनी मधून विरळ झाला तर वसंतात खणून धारदार सुरीने भाग करता येतात, प्रत्येक भागाला मुळं आणि दोन तीन डोळे हवेत. पॅलिडा, पॅराडॉक्सा, अँगस्टिफोलिया यांना हात लावू नका, सोटमूळ तुटलं की परत बसत नाही.

मुळांचा काढा सर्दीला चालतो का, हेही शेवटी विचारलंय तुम्ही. ग्रेट प्लेन्समधल्या मूळनिवासी लोकांच्या औषधांत अँगस्टिफोलियाचं मूळ दातदुखीपासून सर्पदंशापर्यंत होतं, मूळ चावलं की जीभ बधीर होते हे खरं आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नेब्रास्कातल्या एका औषधविक्याने त्याचं रक्तशुद्धीचं टॉनिक विकून ते गाजवलं. पुढे मागणी वाढली आणि जंगली मुळं खणून खणून काही भागातले माळ रिकामे झाले. सर्दीवरच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि झाड सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, रॅगवीड या त्याच कुळातल्या तणाची ॲलर्जी असणाऱ्यांना त्याने त्रास होऊ शकतो, तेव्हा औषध म्हणून घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि बागेतली मुळं जमिनीतच राहू द्या. तीन चार वर्षं जपून जो गड्डा तयार होतो तो खणला की झाड संपलं, आणि तुमच्याकडे सध्या जी पानांची रोपं आहेत त्यांना तर यंदा हलवू सुद्धा नका, वाफा उंच करायचा असेल तर पुढच्या वसंतात फुटवे बोटभर आल्यावर मातीच्या गोळ्यासकट उचला.